पोराच्या कागदावर आपला हात नको



पणदऱ्यातल्या कुठल्याही आळीतून सकाळी एक फेरी मारून या. दारापुढे सडा पडलेला असतो आणि सड्यावर रांगोळी उठलेली असते. अकरा ठिपक्यांच्या अकरा ओळी मांडणारी बाई आधी आराखडा काढीत नाही, पट्टी धरीत नाही की खोडरबर शोधीत नाही. चिमटीतून पूड सुटते आणि रेघ जिथे वळायची तिथेच वळते. आता त्याच बाईला विचारा, "वहिनी, चित्र काढता येतं का हो?" ती पदर सावरील आणि म्हणेल, "आमाला कुठलं येतंय चित्रबित्र!"

हेच उत्तर सहावीतल्या पोराकडूनही मिळते. चारपाच वर्षांचा असताना हाच गडी कोळसा घेऊन भिंती रंगवीत होता. त्याचा बैल कोंबड्याएवढा असे आणि आजी घराहून उंच असे, पण हात थांबत नसे. दहाअकराव्या वर्षी मात्र तो कागद बाजूला सारतो आणि सांगतो, "मला नाही येत." मधल्या काळात झाले काय? बहुतेक वेळा एवढेच झालेले असते, की कोणीतरी हसले. "हा काय बैल म्हणायचा? हे तर गाढव झालं!" म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण त्या वयात मुलाला स्वतःलाच आपले चित्र खऱ्यासारखे दिसावे असे वाटू लागलेले असते. डोळा पुढे गेलेला असतो, हात मागे राहिलेला असतो. नेमक्या त्या वेळी घरच्यांचे हसू लागले, की तो दरवाजा बंद होतो आणि पुष्कळदा जन्मभर बंद राहतो.

याच्या मुळाशी आपली एक समजूत आहे. चित्र म्हणजे हुबेहूब नक्कल, असे आपण धरून चालतो. ज्याला हुबेहूब जमले तो चित्रकार आणि बाकीचे सगळे ढ. अहो, शेतात तरी आपण असे करतो का? सरळ तास धरणारा वेगळा, बी टोकण्यात चपळ असणारा वेगळा, जनावराचे दुखणे नुसत्या डोळ्यांवरून ओळखणारा वेगळा. सगळ्यांना एकाच कामावर जोखले, तर निम्मे गडी नालायक ठरतील. चित्रकलेचेही तसेच आहे. कोणाची रेघ चांगली असते, कोणाला रंगाची जाण असते, कोणाला एकदा पाहिलेले विसरत नाही, तर कोणाला जागेवर बेताने मांडणी करता येते. नवशिक्याला शिकवायचे म्हणजे याच्यात कोणते बळ आहे ते आधी पाहायचे. आपला हात त्यानंतर.

याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म 1934 सालचा, वारली समाजातला. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्याने पोराने बोलणे टाकले. काही सांगायचे झाले तर ते मातीत बोटाने चित्र काढून सांगत. वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहितात. गेरूने किंवा शेणाने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठीचे पांढरे पाणी आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढेच त्याला साहित्य. हे काम परंपरेने सवाष्णींचे. पुरुषाने त्यात पडायची रीत नव्हती. जिव्या मात्र सणवार नसतानाही आपल्या ओढीने काढीत राहिले.

1970 नंतरच्या वर्षांत मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या भागात आले. याच कुलकर्णींना त्याआधी 1966-67 च्या दुष्काळात पुपुल जयकरांनी बिहारच्या मिथिला भागात धाडले होते. तिथल्या बाया घरच्या भिंतींवर चित्रे काढीत. तीच चित्रे त्यांनी कागदावर काढावीत आणि विकून चार पैसे मिळवावेत, असा तो बेत होता. आज मधुबनी म्हणून जी चित्रे आपण ओळखतो, ती त्या खटपटीतून कागदावर आली. डहाणूतही कुलकर्णींनी तेच केले. कागद दिला, रंग दिला, उत्तेजन दिले. वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचा गोल आणि हातापायांच्या काड्या. शहरातल्या शाळेत शिकलेल्या माणसाला तो माणूस सुधारण्याचा मोह सहज झाला असता. नाक काढा, डोळे काढा, सावली द्या, असे सांगता आले असते. तसे झाले नाही. त्रिकोण त्रिकोणच राहिले आणि त्यांतून नाच, पेरणी, मासेमारी, मुंग्यांची रांग असे सगळे जग उभे राहिले. 1975 साली मुंबईत त्यांचे प्रदर्शन झाले, पुढे परदेशांतही झाली. 2011 साली पद्मश्री मिळाली. 2018 साली ते गेले. आज त्या भागातली अनेक घरे या चित्रांवर चार पैसे मिळवतात.

कुलकर्णींनी केलेले काम म्हटले तर छोटे आणि म्हटले तर फार मोठे. त्यांनी दुसऱ्याच्या हातातले बळ ओळखले आणि त्याला कागद पुरवला. हे काम आईबापालाही करता येते. त्यासाठी स्वतःला चित्र काढता यायला हवे असे मुळीच नाही.

आता घरी हे कसे करायचे ते सांगतो. आधी साहित्य. दुकानातली रंगपेटी घेतलीत तर उत्तमच. पण ती नाही म्हणून अडून बसू नका. चुलीतला विझलेला कोळसा, गेरू, हळद, काजळ, कपड्यांची नीळ, तांदळाची पिठी हे बहुतेक घरांत असते. बाभळीचा स्वच्छ डिंक रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी फडक्यातून गाळा आणि त्यात गेरू खलून घ्या. असा रंग कागदाला धरून बसतो. पेटीतल्या पाणरंगांतही डिंकच असतो. हळदीचा पिवळा मात्र उन्हाने उडतो, तेव्हा ते चित्र सावलीत ठेवा. लिंबाच्या किंवा बाभळीच्या दातवणाचे टोक चावून कुंचला होतो. कागदाला पाठकोऱ्या वह्या, जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजू, वाण्याकडचा खाकी कागद यांतले काहीही चालेल.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली किंवा डबा कितीही धुतला तरी रंगाच्या पाण्याला घेऊ नका. बियाण्याला कंपनीने लावलेला गुलाबी-निळा रंग पोरांना मोह पाडतो, पण तो विषारी औषधाच्या जोडीने लावलेला असतो. त्याला हात लावू देऊ नका. चुनाही लहान पोरांच्या हाती नको. डोळ्यात गेला तर इजा होते.

साहित्य जमले, की आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी अर्धा-पाऊण तास सगळे घर बसा. बापानेही बसावे आणि आजीनेही. पाच आठवड्यांच्या पाच बैठकी सांगतो. प्रत्येकीत वेगळे बळ जोखले जाते.

पहिली बैठक रेघेची. दावणीची शेळी समोर धरा किंवा ओट्यावर एक चप्पल ठेवा. पेन्सिल कागदावर टेकवायची आणि चित्र होईपर्यंत उचलायची नाही. डोळा वस्तूच्या कडेवरून मुंगीसारखा हळूहळू सरकवायचा आणि हाताने त्याच्या मागून जायचे. कागदाकडे बघायचे नाही. चित्र वेडेवाकडे होणार आणि सगळे घर हसणार. हसू द्या, कारण सगळ्यांचेच वाकडे होते. पण नीट पाहिलेत तर एखाद्याच्या रेघेत शेळीचा हट्टीपणा उतरलेला दिसेल. त्याला रेघेचे बळ आहे असे समजा.

दुसरी बैठक बघण्याची. तांब्या, त्याच्या शेजारी पेला आणि पुढे दोन कांदे ठेवा. नवशिका तांब्याचे तोंड पूर्ण गोल काढतो, कारण ते गोल आहे हे त्याला माहीत असते. त्याला विचारा, "तुला दिसतंय काय?" तांब्या डोळ्यांच्या रेषेत धरा, तोंडाची नुसती आडवी रेघ दिसेल. खाली ठेवा, ते लांबट दिसेल. उभे राहून वरून पाहा, गोल होईल. माहीत असणे वेगळे आणि दिसणे वेगळे, हा चित्रकलेतला पहिला धडा आहे, आणि तो तांब्या शिकवतो. मापासाठी पेन्सिल हात ताठ करून समोर धरा, एक डोळा मिटा आणि अंगठ्याने तांब्याची उंची धरून ती पेल्याच्या किती पट आहे ते पाहा. ज्या पोराला या मोजमापात रस वाटेल, त्याला पुढे यंत्राचे किंवा इमारतीचे नकाशेही जमू शकतील.

तिसरी बैठक आठवणीची. समोर काही ठेवायचे नाही. डोळे मिटून बसा आणि मग काढा. आठवडे बाजार, गुऱ्हाळ, ऊसतोड चाललेला फड, निरा डाव्या कालव्यावर धुणे धुणाऱ्या बाया, काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती होणारे मेंढ्यांचे रिंगण, यातले काहीही. इथे बैल कोंबड्याएवढा झाला तरी चालेल. फक्त काय काय आठवले ते बघा. एखादे पोर गुऱ्हाळ काढताना काहिलीखालची आग, चिपाडाचा ढीग, वाफेमागे अर्धा दिसणारा गुळव्या आणि हात पुढे केलेले स्वतः असे सगळे मांडील. त्याच्याजवळ गोष्ट आहे. त्याच्या बैलाला हसू नका.

चौथी बैठक रंगाची. आपल्याकडे हिरव्याला तोटा नाही. ऊस, कडवळ, केळ, शेवगा आणि लिंब यांचे एकेक पान आणा आणि कागदावर ओळीने चिकटवा. पेटीतला तयार हिरवा बाजूला ठेवायचा. पिवळा, निळा आणि तांबडा एवढ्या तिघांतून प्रत्येक पानाशेजारी त्याचाच रंग उतरवायचा. पिवळा जास्त झाला की कोवळे पान, निळा वाढला की गर्द. तांबड्याचा एक थेंब पडला, की हिरव्याचा भडकपणा मरतो आणि जून पान येते. पिकाचा रंग जरा उतरला तरी लांबून ओळखणारा शेतकरी या बैठकीत पोरांच्या पुढे जाईल. दादा, ते तुमचे बळ आहे. आजवर तुम्ही त्याला कला म्हटले नव्हते इतकेच.

पाचवी बैठक मांडणीची. खडूने वीतभर चौकोन आखा आणि तो फक्त गोल, त्रिकोण आणि उभ्या-आडव्या रेघांनी भरा. इथे घरातल्या बाया बाजी मारतील. ठिपक्यांची रांगोळी, वाकळेचे तुकडे जोडताना साधलेला मेळ, पाटाभोवतीची महिरप, हे सगळे मांडणीचेच काम आहे. शाळेत यालाच संकल्पचित्र म्हणतात. वहिनी, ज्या गोष्टीला शाळेत गुण मिळतात, ती तुम्ही रोज सकाळी दारात काढता आणि दिवसभर माणसे ती तुडवून जातात. एकदा तरी कागदावर काढा. कागदावरची पुसली जात नाही.

या पाच बैठकी मी माझ्या मनाने काढलेल्या नाहीत. राज्यात शाळकरी मुलांसाठी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन रेखाकला परीक्षा होतात. त्यांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे निरनिराळे भाग असतात. म्हणजे कला एका मापाने मोजायची नसते, हे परीक्षा घेणाऱ्यांनाही ठाऊक आहे. इंटरमिजिएटला मिळालेल्या श्रेणीवर दहावीत वाढीव गुण मिळतात, म्हणून अलीकडे पालक मुलांना या परीक्षांना हौसेने बसवतात. बसवा जरूर. पण केवळ तेवढ्यासाठी आयत्या वेळी चार चित्रे घोकून घेतली, तर गुण मिळतील आणि हात हरवेल. परीक्षा झाल्यावर वह्या माळ्यावर टाकू नका. कोणत्या भागात मुलाला गोडी लागली ते विचारा. अक्षर चांगले असेल तर दुकानाच्या पाट्या आणि ट्रॉलीवरची नावे रंगवणाराही आपल्याला लागतो. पुढे शिकायचे असेल तर कलाशिक्षकाची पदविका आहे, चित्रकला आणि उपयोजित कलेचे अभ्यासक्रम आहेत. प्रवेशाचे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना किंवा बाईंना गाठून विचारावे.

आता सगळ्यांत अवघड भाग, म्हणजे बोलायचे कसे. पोर चित्र घेऊन आले की "हे काय काढलंस?" असे विचारू नका. त्याला वाटते, इतकेही ओळखू येत नाही म्हणजे फसले. त्यापेक्षा म्हणा, "सांग बरं याच्यातलं." ते सांगू लागले की ऐका. "छान छान" म्हणून वाटेला लावू नका. नेमके काय आवडले ते सांगा: "या म्हशीचं ओझं पायांत दिसतंय बघ." मग एकच प्रश्न विचारा: "अजून काही घालावंसं वाटतंय?" नाही म्हणाले तर विषय संपला. थोरल्या बहिणीशी तुलना नको. मोबाइलवरचे चित्र छापखान्यासारखे उतरवायला लावणे नको. नक्कल करताना हात वळतो हे खरे, पण स्वतःचे काय ते त्यातून कळत नाही. आणि काही झाले तरी त्याच्या कागदावर आपली पेन्सिल चालवू नका. दाखवायचेच असेल तर दुसऱ्या कागदावर दाखवा. आपण त्याच्या बैलाचे शिंग नीट करून दिले, की त्या क्षणापासून तो बैल आपला होतो, त्याचा राहत नाही.

म्हाताऱ्या माणसांना वाटेल, आता आमचे वय गेले. त्यांच्यासाठी एका शेतकरणीची हकीकत सांगतो. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात ॲना मेरी मोझेस नावाची बाई होती. जन्म 1860 चा. उभे आयुष्य शेतावर गेले. दूधदुभते केले, पोरेबाळे वाढवली. म्हातारपणी ती लोकरीच्या धाग्याने चित्रे भरी. संधिवाताने बोटे धरली, सुई चालेना, म्हणून सत्तरी उलटल्यावर तिने कुंचला घेतला. शिक्षण नाही, गुरू नाही. आठवणीतली शेतीची कामे, बर्फातली वाट, झाडाचा रस आटवून साखर करण्याचा हंगाम, असेच तिचे विषय. 1938 साली गावच्या औषधाच्या दुकानात लावलेली तिची चित्रे एका जाणत्या माणसाच्या नजरेस पडली. 1940 साली न्यूयॉर्क शहरात तिचे स्वतंत्र प्रदर्शन झाले, तेव्हा ती ऐंशीला टेकली होती. 1961 साली, 101 वर्षांची होऊन ती गेली. सगळे जग तिला ग्रँडमा मोझेस म्हणते, म्हणजे मोझेस आजी. साखरेचा हंगाम तिने रंगवला. आपले गुऱ्हाळ कोण रंगवणार?

कोणी म्हणेल, यातून मिळणार काय? सरळ सांगतो. प्रत्येक पोर चित्रकार होणार नाही, आणि व्हायला पाहिजे असेही नाही. पण ज्याला एकदा कळले की आपल्या हातात काही आहे, ते पोर दुसऱ्या कामातही लवकर हात टेकत नाही. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, गणितात अडखळणारी, चारचौघांत तोंड न उघडणारी मुले प्रत्येक गावात असतात. जिव्या मशेंनीही एकेकाळी बोलणे टाकले होते. अशा मुलाला मातीत रेघ ओढताना पाहिले, तर "उठ, कपडे मळतील" म्हणण्याआधी क्षणभर थांबा. कदाचित ते तुमच्याशी बोलत असेल.

तर मग या आठवड्याचे काम. पाचही बैठकी एकदम नकोत. फक्त पहिली करा, रेघेची. घरातल्या प्रत्येकाने एकेक चित्र काढायचे, मागे नाव आणि तारीख घालायची, आणि सगळे कागद देवळीत किंवा पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायचे. टाकायचा एकही नाही, फसलेला तर मुळीच नाही. पाच आठवड्यांनी ते सगळे अंगणात ओळीने मांडा. कोणाचे बळ कशात आहे ते दिसू लागेल. तोवर रंग खला, आणि हसायचेच झाले तर आधी स्वतःच्या चित्राला हसा.